घास अडकतो म्हणजे घासच अडकतो

एका तालुक्याच्या गावी महिला आरोग्य मेळावा होता. समोर सतरंजीवर दोन-अडीचशे बायका, मंचावर एक डॉक्टर. नाव घेत नाही, कारण तसे ते काही एकटेच नाहीत. त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना हसवलं. म्हणाले, "बायकांची निम्मी दुखणी मनाची असतात आणि उरलेली निम्मी सासूची." मग उदाहरण दिलं, "डॉक्टर, घशाखाली काहीतरी अडकतं, घास उतरत नाही, असं सांगत बाया येतात. बघितलं तर काही नाही! दोन शब्द गोड बोललं, एक झोपेची गोळी दिली, की उतरतो घास." सगळ्या हसल्या. मीही हसायला लागले होते, तेवढ्यात मावशी आठवल्या.

(इथे मी आधी 'हसू घशातच अडकलं' असं लिहिलं होतं. खोडलं. का खोडलं ते पुढे कळेल.)

मावशी आमच्या बचत गटातल्या. वय पन्नाशीचं. ज्वारीच्या मुलखातल्या, त्यामुळे जेवण म्हणजे भाकरी. एक दिवस त्या म्हणाल्या, "भाकरी उतरत नाही गं." हे सांगायला त्यांनी मला कोपऱ्यात नेलं नाही, आवाज खाली केला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. टाचेला भेग पडली हे जसं सांगावं तसं सांगितलं. घरी सांगितलं तेव्हा सून म्हणाली, आत्याबाईंना भाताची चटक लागली. तिकडे भात म्हणजे पाहुण्यांचं नाहीतर आजाऱ्याचं जेवण. काही महिन्यांनी मावशी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. मग प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. मग भात, मग मऊ भात, मग पेज. ब्लाउजला दोनदा टीप घालून आत घ्यावं लागलं. एका दवाखान्यात 'पित्त' म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्या ठिकाणी केसपेपरवर 'टेन्शन' लिहिलं. दोन्हीकडे कुणीही दुर्बिणीतून आत पाहिलं नाही.

टेन्शन नव्हतं असं नाही. मुलगा जमीन विकायला निघाला होता. नवऱ्याचं पिणं वाढलं होतं. म्हणूनच आम्हालाही ते पटलं. आणि आता कबुलीचा भाग.

आम्ही त्याच सुमारास बायकांच्या गप्प बसण्यावर एक शिबिर घेतलं. मोठ्या कागदावर बाईचं चित्र काढायचं आणि जिथे जिथे काही साचलंय तिथे रंग भरायचा. मावशींनी छातीच्या मधोमध एक काळी आडवी रेघ ओढली. आमच्यातली एक म्हणाली, किती बोलकं आहे हे! आयुष्यभर गिळलेले शब्द! आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, "शब्द न्हाई बाई, भाकरी." त्यावर आणखी टाळ्या, काय मार्मिक बोलतात म्हणून. त्या चित्राचा फोटो आम्ही अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला.

दीड वर्षाने एकदाची दुर्बीण घातली गेली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ होती. जिथे रेघ ओढली होती, जवळजवळ तिथेच. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. चार महिन्यांनी मावशी गेल्या.

तेव्हा हा लेख त्या डॉक्टरांच्या विरोधात जेवढा आहे, तेवढाच आपल्याही विरोधात आहे. त्यांनी 'हिस्टेरिया' ऐकला, आपण 'हुंदका' ऐकला. ती सांगत होती घास. बाईच्या शरीराविषयी बाईच बोलेल, ही आपली घोषणा. पण ती बोलली तेव्हा तिच्या सरळ वाक्याचं रूपक करून टाकायला आपल्याला एक मिनिट लागलं नाही.

आता थोडं त्या नळीविषयी. बायकांच्या आरोग्यावरच्या आपल्या पुस्तिकांमध्ये गर्भाशय आहे, स्तन आहेत, मासिक पाळी आहे. अन्ननलिका कुठेच नाही. घशाच्या तळापासून जठरापर्यंत जाणारी ही स्नायूंची नळी मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. वरच्या आणि खालच्या टोकाला स्नायूंचं एकेक कडं असतं. घास आला की वरचं कडं सुटतं, नळीत एक लाट उठते, घास खाली सरकतो आणि खालचं कडं उघडून त्याला जठरात सोडतं. आतून चपट्या पेशींच्या थरांचं अस्तर असतं. नळी ताणली जाते, त्यामुळे ती बऱ्यापैकी अरुंद होईपर्यंत खाणारीला काही कळतच नाही. आतली वाट सुमारे १३ मिलिमीटरच्या खाली गेली की मग घट्ट घास हमखास अडखळू लागतो. म्हणजे गाठ असेल तर भाकरी अडकू लागते तेव्हा ती बरीच वाढलेली असते. त्यात पोटातल्या आतड्यांना बाहेरून जे पातळ आवरण असतं ते या नळीच्या बहुतेक भागाला नाही. रोग भिंत ओलांडून शेजारच्या श्वासनलिकेपर्यंत सहज पोचतो. 'सहा महिने बघू या' म्हणायला तिथे सहा महिने नसतात.

भाकरी, मग भात, मग पेज हा जो क्रम मावशींनी सांगितला, तो वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा आहे. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ या क्रमाने अडकू लागलं की नळीची वाट कशाने तरी बुजत चालली आहे असं समजावं, हे विद्यार्थ्यांना शिकवतात. मावशींना ती परीक्षा दिली असती तर त्या पास झाल्या असत्या.

मग हे 'मनाचं' प्रकरण आलं कुठून? हिस्टेरिया हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आहे. गर्भाशय अंगात इकडेतिकडे फिरतं आणि बाईला नाना दुखणी लावतं, अशी जुनी समजूत. घशात गोळा आल्यासारखं वाटणं याला अठराव्या शतकापासून 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणत आले. १९६८ साली माल्कमसन यांनी हे नाव सोडून द्यावं असं मांडलं, कारण असे बरेच रुग्ण हिस्टेरियाचे नव्हतेच. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया हे निदानच काढून टाकलं. यादीतून गेलं, पण डोक्यातून नाही.

गैरसमज नको. घशातला गोळा खोटा नसतो आणि मनाचा ताण त्याला वाढवतोही. पण गोळा आणि घास अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्यात जेवताना त्रास होत नाही, उलट खाताना बऱ्याचदा बरं वाटतं. नुसती लाळ गिळताना तो जाणवतो. घास अडकण्यात नेमकं खातानाच अडतं. हा फरक समजायला यंत्र लागत नाही. एक प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर ऐकावं लागतं.

बाईला न विचारता नाव दिलं की काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९१९ साली कार्डिफचे पॅटर्सन आणि ग्लासगोचे केली या दोन घशाच्या डॉक्टरांनी वेगवेगळं एकच लिहिलं : मध्यम वयाच्या, फिकुटलेल्या बायकांमध्ये घास घशाच्या तळाशीच अडकण्याचा एक विशिष्ट आजार दिसतो. जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे फाटलेले, नखं चमच्यासारखी खोलगट. याच आजाराबद्दल अमेरिकेत व्हिन्सन यांनी १९२२ साली जो लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'हिस्टेरिकल डिस्फेजिया'. म्हणजे हिस्टेरियामुळे गिळायला त्रास. आज हा आजार प्लमर-व्हिन्सन किंवा पॅटर्सन-केली या नावाने ओळखला जातो. त्या बायकांच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी अस्तराचा एक पातळ पडदा आडवा वाढलेला असतो. तो बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत दिसतो. आणि अंगात लोह नसतं. एवढंच. लोह द्या, गरज पडली तर पडदा ताणून मोकळा करा, घास उतरतो. गोड बोलून उतरत नाही.

पुढचं अधिक गंभीर आहे. या बायकांपैकी काहींना नंतर त्याच जागी, घशाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात कर्करोग होतो. स्टॉकहोमचे आल्बोम यांनी १९३६ सालीच हे मांडलं होतं. स्वीडनमध्ये पुढे पिठात लोह घालायला लागले, बायकांचं खाणं सुधारलं आणि तिथून हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. हिस्टेरिया पिठाने बरा होतो असं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

आणि आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा ५४ टक्क्यांच्या वर होता, आणि आधीच्या फेरीपेक्षा तो वाढलेला होता, कमी झालेला नाही. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायका फिकट आहेत, त्या राज्यात घास अडकतो म्हणणाऱ्या बाईच्या पापणीच्या आत पाहण्याऐवजी तिच्या सासूची चौकशी होते! सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, पाळीत जाणारं रक्त, एकामागून एक बाळंतपणं, हे आपण आपल्या भाषणांत शंभर वेळा सांगतो. त्याची एक रेघ थेट अन्ननलिकेपर्यंत जाते, हे आपणही सांगत नव्हतो.

दुसरी रेघ मशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावून बसायचं. मावशी दिवसातून चार-पाच वेळा लावायच्या. पुरुषाच्या बिडीवर, गुटख्यावर जितकं बोललं जातं त्याच्या पावपटही मशेरीवर बोललं जात नाही, कारण ती 'दात घासणं' समजली जाते. बायका ती का लावतात ते त्यांनाच विचारा : दात दुखतो म्हणून, पोट साफ होतं म्हणून आणि भूक मरते म्हणून. तिसरं कारण पुन्हा वाचा. लाळेबरोबर ती गिळलीही जाते. तंबाखू आणि तोंड-घसा-अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध मुंबईत संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली दाखवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही, न जाळता वापरायची तंबाखू अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण होते असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या देशात हा कर्करोग बहुतांशी चपट्या पेशींचा, म्हणजे त्या आतल्या अस्तराचाच असतो. अस्तर वारंवार भाजतं, सोलवटतं, भरून येतं; भरून येताना पेशींची रचना बिघडू लागते; बिघडलेल्या पेशी आधी अस्तरातच राहतात, मग खाली उतरतात. याला वर्षं लागतात. २०२० च्या अंदाजानुसार देशात एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे ६३ हजार नवे रुग्ण होते. मशेरी सोडा असं बायकांना दटावणं सोपं आहे. भूक मारायची गरज कुणाला आणि का पडते, हे विचारल्याशिवाय ते दटावणं लबाडीचं आहे.

तरुण सुनांची गोष्ट वेगळी. अॅकलेझिया नावाचा एक आजार आहे. फार सर्रास नाही, पण सापडला तर उपाय असलेला. यात नळीच्या भिंतीतल्या चेतापेशी मरतात, लाट उठत नाही आणि खालचं कडं सुटत नाही. घास आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात. खाल्लेलं तासाभराने तसंच्या तसं वर येतं, आंबट न होता, कारण ते जठरात पोचलेलंच नसतं. रात्री उशी ओली होते, खोकला येतो. आता नव्या सुनेच्या बाबतीत घरात काय होतं पाहा. आधी वाटतं दिवस गेले. नाहीत असं कळल्यावर म्हणतात नाटकं करते, इथलं अन्न गोड लागत नाही. शहरातली शिकलेली असेल तर डाएटिंगचं खूळ, आणि डॉक्टरही कधीकधी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार समजून तशी औषधं देतात. तिला माहेरी पाठवून दिल्याची उदाहरणं आमच्या समुपदेशन केंद्रात आली आहेत. आणि आम्ही ती 'छळ' या रकान्यात लिहिली. छळ होताच. पण रकाना एकच होता. हे घट्ट कडं कापून सैल करण्याची शस्त्रक्रिया हेलर यांनी १९१३ साली केली. आता तेच काम जपानच्या इनोउए यांनी २००८ साली सुरू केलेल्या पद्धतीने तोंडातून दुर्बीण घालूनही होतं, आपल्या देशातही होतं. शंभर वर्षांहून जुना उपाय ज्या आजाराला आहे, त्यात एक मुलगी नांदायची राहते.

'पित्ता'चं मात्र थोडक्यात सांगते. छातीत जळजळ म्हणजे बहुतेक वेळा जठरातलं आम्ल सैल कड्यातून वर येणं. पित्ताचा त्यात फारसा संबंध नाही. गरोदरपणी हार्मोनमुळे कडं सैल पडतं, वाढलेलं पोट खालून दाबतं, म्हणून तेव्हा ती हमखास होते. त्रास खरा, पण सहसा धोक्याचा नाही. धोका आहे तो 'पित्त' या शब्दाखाली सगळंच सरकवून देण्यात. आणखी एक : लोहाची गोळी रात्री आडवं होता होता एका घोटात घेऊ नका. ती नळीतच चिकटून अस्तर भाजते. बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. गोळ्या वाटणाऱ्यांनी हे सांगायला हवं, कुणी सांगत नाही.

न दिसणाऱ्या या नळीचा विसर आपल्या चळवळीलाही कसा पडतो, त्याचं आणखी एक उदाहरण. अॅसिड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चेहरा येतो. पण संडास साफ करायचं अॅसिड बायकांना पाजलंही जातं, घराच्या आत, चार भिंतींत. अॅसिड अस्तर जाळतं. जखम भरताना व्रण आकसतो आणि काही आठवड्यांत नळी चिंचोळी होऊ लागते. मग पुन्हा पुन्हा नळी ताणून घ्यायला जायचं, काहींना पोटातून थेट आतड्यात घातलेल्या नळीवर जगायचं. २०१३ साली दंड संहितेत जे ३२६ अ कलम आलं (आता न्याय संहितेचं १२४), त्यात अॅसिड फेकण्याबरोबर पाजणंही होतं. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अॅसिडपीडितेची जी व्याख्या लिहिली गेली, ती अॅसिड 'फेकल्यामुळे' 'विद्रूप' झालेल्या व्यक्तीची. चेहरा शाबूत असलेली, पण पाण्याचा घोट न उतरणारी बाई त्या शब्दांत बसत नाही. तो कायदा आला तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी हे बारकाईने वाचलं? मी वाचलं नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये शाहीन मलिक यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मग मागायचं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तीन ठिकाणच्या कर्करोगासाठी तपासणी ठरलेली आहे. ती होते की नाही हा वेगळाच विषय. सरसकट प्रत्येकीच्या घशात दुर्बीण घाला असं मी म्हणत नाही. पण त्या तपासणीच्या वेळी समोर बसलेल्या बाईला 'भाकरी अडकते का' हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. अडकते म्हणाली, वजन उतरलं असेल, तर तिला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवायचं आणि ती तपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या आवाक्यात असायची, हे मागण्यासाठी मोर्चा काढायची वेळ आली तर काढू. केसपेपरवर 'टेन्शन' लिहायचं असेल तर आधी काय तपासलं ते लिहा, असा आग्रह आपल्यातल्या प्रत्येक आरोग्य कार्यकर्तीने धरायचा. डॉक्टर चिडतील. चिडू देत.

आणि आपल्या शिबिरांत चित्र काढून झाल्यावर, रंगाचा अर्थ आपण लावण्याआधी, तिला विचारायचं, "हे काय आहे?" ती म्हणाली भाकरी, तर भाकरी लिहायचं.

गेल्या महिन्यात आम्ही आमच्या शिबिराच्या फॉर्मवर हा प्रश्न छापून घेतला. पहिल्याच दिवशी दोघींनी हो म्हटलं. एकीला जेवताना काही होत नव्हतं, नुसतं बसल्यावर गोळा वाटायचा. थोरल्या मुलीचं लग्न मोडल्यापासून. तिच्याशी बसून बोललो आणि तरी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. दुसरी चाळिशीची, नखं खोलगट, ओठांचे कोपरे फाटलेले. म्हणाली, तीन वर्षं झाली, भाकरी पाण्यात बुडवून खाते, सवय झाली आता. तिच्यासोबत आमच्यातली एक जण जाणार आहे. दुर्बीण पुढच्या मंगळवारी आहे.